‘मु. पो.’ मधलं पोस्ट टिकणार का?

दिंडोरी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलीची ग्रामीण डाक सेवक भरतीत दहावीच्या गुणांवर निवड झाली. सुरगाणा तालुक्यातल्या एका शाखा डाकघरात ब्रँच पोस्टमास्तर म्हणून जागा मिळाली. घरातले म्हणतात, आता पत्रं कोण लिहितं? डेन्मार्कने पत्रं वाटणंच बंद केलं, आपल्याकडे रजिस्टर पोस्ट बंद झालं, पाच-दहा वर्षांत पोस्टच गुंडाळतील. मुलीने जावं का, आणि पोस्टाला काही भवितव्य उरलं आहे का, असं त्या विचारतात.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. मुलीला रुजू होऊ द्या. फक्त पक्की सरकारी नोकरी लागली या समजुतीने पाठवू नका, आणि पोस्ट बुडतंय या भीतीने अडवूही नका. मी नाशिक विभागात छत्तीस वर्षं काढली. सुरुवात काउंटरवर झाली, मग सब-पोस्टमास्तर झालो, आणि शेवटची बरीच वर्षं इन्स्पेक्टर म्हणून शाखा डाकघरांच्या तपासण्या केल्या. त्यामुळे खालून वर आणि वरून खाली, दोन्ही बाजूंनी हे खातं पाहिलेलं आहे.

घरच्यांच्या बोलण्यात खरं किती ते आधी बघू. डेन्मार्कची गोष्ट खरी आहे. तिथल्या सरकारी मालकीच्या टपाल कंपनीने ३० डिसेंबर २०२५ ला शेवटचं पत्र वाटलं. १६२४ पासून चालत आलेली सेवा होती ती. पण तिथे सरकारचं प्रत्येक पत्र माणसाच्या फोनवरच्या सरकारी पेटीत येतं, आणि २००० सालापासून पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांनी घटली होती. शिवाय पत्रं वाटायचं काम दुसऱ्या खाजगी कंपनीने घेतलं, आणि जुनी कंपनी पार्सलं वाटतेच आहे. तिथल्या पोस्टाकडे जे नव्हतं ते आपल्याकडच्या पोस्टाकडे आहे. त्याकडे पुढे येतो.

रजिस्टरचं म्हणाल तर ते बंद झालेलं नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिसळलं. ज्याच्या नावचं आहे त्याच्याच हातात द्यायचं ही सोय हवी असेल तर पाच रुपये आणि जीएसटी जादा भरून आजही मिळते. मला विचाराल तर कामाच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता. एकाच गाडीने जाणाऱ्या टपालाच्या दोन वेगळ्या पिशव्या, दोन वेगळ्या याद्या, दोन वेगळी सॉर्टिंग, यात माणसं उगाच अडकून पडत होती. पण दराच्या बाबतीत मी समाधानी नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाला पन्नास ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये लागतात, वर जीएसटी. कंपनीला हे पैसे काहीच नाहीत. पण नोकरीचे पाच अर्ज पाठवणाऱ्या कळवणच्या पोराला, किंवा जमिनीच्या वादात नोटीस पाठवणाऱ्या शेतकऱ्याला ते जाणवतात.

आणि बंद होण्याचं भाकीत मी पहिल्यांदा ऐकत नाहीये. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार ही दोन खाती वेगळी झाली, तेव्हा कमावता भाऊ वेगळा निघाला, आता धाकटा उपाशी मरणार असं जुने लोक म्हणायचे. मग कुरियर आले, तेव्हा म्हणाले. मोबाइल आला, तेव्हा म्हणाले. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, तेव्हा तर लोक मला घरी येऊन भेटून गेले, जणू कोणी वारलं होतं. मनीऑर्डरचंही तेच. माझ्या उमेदवारीच्या काळात देवळाली कॅम्पातले जवान पगार झाला की मनीऑर्डरच्या फॉर्मसाठी रांग लावायचे. वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन, आणि फॉर्मच्या तळाशी दोन ओळी लिहायला जागा. ‘आईस नमस्कार, पैसे पाठवले आहेत, बैलाला औषध आणावे.’ तो फॉर्म गेला याचं मला आजही वाईट वाटतं. पण पैसे घरापर्यंत पोहोचवायचं काम गेलं नाही, त्याने फक्त रूप बदललं.

ते कसं, हे सांगण्यासाठी एक सकाळ सांगतो.

निवृत्त झाल्यानंतर एकदा भातलावणीच्या दिवसांत पेठकडच्या एका शाखा डाकघरात अर्धा दिवस बसलो होतो. ग्रामपंचायतीची जुनी खोली, पत्र्याचं छप्पर, एक टेबल, तराजू, तारखेचा शिक्का आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगलेला मोबाइल. टांगलेला, कारण रेंज फक्त तिथेच येते. सव्वादहाला एसटी आली, कंडक्टरने पिशवी खाली दिली. पोस्टमास्तर मुलगी तिशीच्या आतली. तिने सील बघितलं, पिशवी कापली, स्लिपवरच्या नोंदी आतल्या टपालाशी ताडून पाहिल्या. पत्र म्हणावं असं एकही नव्हतं. एक आधार कार्ड, एक बँकेची नोटीस, एका पोराचं लायसन्स. बस्स. तुमच्या घरचे तिथे असते तर म्हणाले असते, बघा, तीन कागदांसाठी पोस्ट!

पण व्हरांड्यात अकरा बाया बसल्या होत्या. कोणाला लाडकी बहीणचे दीड हजार काढायचे होते, कोणाला निराधार योजनेचे. पहिली आजी पुढे आली, अंगठा लावला, मशीनने नाकारला. चिखलात लावणी करून करून रेषाच पुसल्या होत्या. मुलीने वहीत बघितलंही नाही, म्हणाली, "आजी, अंगठा नको, डाव्या हाताचं मधलं बोट लाव." ते लागलं. मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, "सगळ्यांची पाठ आहेत, सर. आवणीच्या दिवसांत कोणाचं कोणतं बोट चालतं ते वेगळं असतं." मग तिने नोटा दोनदा मोजून आजीच्या हातात ठेवल्या आणि तिला परत मोजायला लावल्या.

साडेबाराला तिची रोकड संपली. शाखेत किती रोकड ठेवायची याला मर्यादा असते, जास्त लागली तर वरच्या कार्यालयातून मागवावी लागते, ती दुसऱ्या दिवशीच्या पिशवीत येते. तीन बाया उरल्या होत्या. ती उठली, समोरच्या किराणा दुकानदाराकडे गेली, त्याला म्हणाली, "काका, तुमची आरडी पुढच्या आठवड्यात भरणार होतात ती आजच भरा ना." त्याने भरली, तिने रीतसर पावती दिली, त्याच पैशांतून तिन्ही बायांचे पैसे सुटले. कुठलाही नियम न मोडता. ही अक्कल कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

ताई, पोस्टाचं भवितव्य मला त्या खोलीत दिसतं. घरापर्यंत जाणारं, ओळखीचं, सरकारची हमी असलेलं एक माणूस प्रत्येक गावात असणं, हेच पोस्टाकडचं खरं भांडवल आहे. देशात सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरं आहेत, त्यातली साधारण नव्वद टक्के ग्रामीण भागात. स्वातंत्र्याच्या वेळी होती २३ हजारांच्या थोडी वर. जगात एवढं मोठं टपालाचं जाळं दुसऱ्या कोणाचं नाही. पत्र, मनीऑर्डर, बचत, आधारवरचे पैसे, ही सगळी त्या माणसाकडून करून घेतलेली कामं. कामं बदलत राहतील. माणूस राहिला तर पोस्ट राहील.

आता तोट्याबद्दल, कारण बंद करण्याची भाषा तिथूनच येते. खात्याचा तोटा खरा आहे आणि मोठा आहे. २०१८-१९ साली तो पंधरा हजार कोटींच्या आसपास गेला होता. खर्चाचा बहुतेक भाग पगार आणि पेन्शनचा. पण या आकड्याच्या पोटात काय आहे ते कोणी सांगत नाही. पोस्टकार्ड पन्नास पैशांना. ते छापून, सॉर्ट करून, गाडीने नेऊन दारात टाकायला कित्येक पट खर्च येतो, दर मात्र मुद्दाम खाली ठेवला आहे. बचत खात्यांचंही तसंच. लोक पोस्टात जे पैसे टाकतात ते पोस्टाचे नसतात. ते सरकारच्या अल्पबचत निधीत जातात, आणि पोस्टाला अर्थ मंत्रालयाकडून खात्यामागे मेहनताना मिळतो. म्हणजे कामाचा व्याप पोस्टाचा, पैसा दुसऱ्याचा.

आणि एक गोष्ट तर बहुतेकांना ठाऊकच नसते. गावात शाखा डाकघर उघडायचे नियम आहेत. साधारण भागात जवळचं पोस्ट तीन किलोमीटरवर असावं, गावांच्या गटाची वस्ती तीन हजार असावी आणि शाखेचं उत्पन्न खर्चाच्या निदान एकतृतीयांश असावं. डोंगराळ आणि आदिवासी भागात ही अट आणखी सैल आहे : एका गावाची पाचशे वस्ती पुरते आणि उत्पन्न खर्चाच्या पंधरा टक्के असलं तरी चालतं. म्हणजे सुरगाण्यातली ती शाखा उघडताना शंभर रुपये खर्चून पंधरा परत येतील हे नियम करणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून मान्य केलं होतं. धरणाच्या, शाळेच्या, आरोग्य केंद्राच्या खर्चाला आपण तोटा म्हणत नाही. या शाखेच्या खर्चाला मात्र ताळेबंदात तोटा म्हणून लिहितो, आणि मग पंचवीस वर्षांनी कोणीतरी मुंबई-दिल्लीत बसून विचारतो की ही शाखा तोट्यात का?

इथे माझं म्हणणं स्पष्ट आहे. १८९८ चा टपाल कायदा जाऊन १८ जून २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू झाला. जुन्या कायद्यात पत्रं वाहण्याचा मक्ता सरकारकडे होता, नव्यात तो नाही. मक्ता गेला, पण पाड्यापाड्यावर जायची बांधिलकी मात्र पोस्टाकडेच राहिली. खाजगी कंपनी नाशिकरोड, सातपूर, अंबड, कॉलेज रोडचं टपाल घेईल, तिथे एका गल्लीत चाळीस पार्सलं सुटतात. घाट चढून एका पार्सलासाठी कोणी येणार नाही. मग त्या बांधिलकीचे पैसे सरकारने वेगळे मोजून द्यावेत, उघडपणे, सार्वजनिक सेवेच्या नावाने. शहरातली पोस्टं स्पर्धेत उतरू देत, तिथे नफा-तोटा खुशाल मोजा. पण त्याच फुटपट्टीने सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर मोजू नका.

शहरातल्या पोस्टाबद्दल मी फार लिहीत नाही. तिथे आम्ही गिऱ्हाईक गमावलं ते मुख्यतः वेळेमुळे आणि वागण्यामुळे. दुकानदाराला संध्याकाळी सातला माल पाठवायचा असतो आणि आमचं बुकिंग त्याआधीच आटोपलेलं असतं. आता शहरांत डिलिव्हरी एकत्रित केंद्रांतून करायचं चाललं आहे, ते वेळेत सुधारलं तर गिऱ्हाईक परत येईल. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्याला परदेशी पार्सल पाठवायचं असेल तर डाकघर निर्यात केंद्रात कस्टमची कागदपत्रंही तिथेच होतात, पण हे त्याला कोणीतरी जाऊन सांगायला हवं. २०२७ चा कुंभमेळा समोर आहे, गर्दीच्या त्या दिवसांत पार्सल आणि पैशांची सोय नीट दिली तर नाशिककर पोस्टाकडे पुन्हा वळून बघतील. एवढंच.

एका गोष्टीवर मात्र मला थांबायचं आहे, कारण ती वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाची आहे. दिवाळी अंक. माझ्या नोकरीत दसरा उलटला की सॉर्टिंगच्या टेबलावर अंकांचे ढीग लागायचे, खाकी पट्टीतले, कोपरे दुमडलेले, शाईचा वास येणारे. बुक पोस्टाचा दर इतका कमी होता की छोट्या गावातला वाचक आणि छोटा संपादक, दोघांनाही परवडायचं. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्टाची सोय काढून घेतली. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं : तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर. पुस्तकांसाठी हे चांगलं आहे, माग काढता येतो, दरही वाजवी आहे. पण ठराविक काळाने निघणारी आणि जाहिराती घेणारी प्रकाशनं त्यात बसत नाहीत. जाहिराती नसलेला दिवाळी अंक कुठून आणायचा? मराठी नियतकालिकांसाठी या सवलतीची व्याप्ती वाढवावी, ही मागणी साहित्य संस्थांनी आणि आपल्या खासदारांनी लावून धरायला हवी. पोस्टाला यातून फार नुकसान होणार नाही, वाचकाचं मात्र आत्ताच होतं आहे.

आपल्या नाशिकचं आणि पोस्टाचं नातं तसं जुनं आहे. १९२५ मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२६ पासून टपाल तिकिटं तिथे छापली जाऊ लागली. तोवर ती लंडनहून यायची. पासपोर्टची पुस्तिकाही तिथेच छापली जाते, आणि तोच पासपोर्ट देशभर फिरून स्पीड पोस्टाने नाशिककराच्या दारात परत येतो. पिन कोडचंही श्रेय एका मराठी माणसाचं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला त्यांची सहा आकड्यांची पद्धत सुरू झाली. म्हणून आज त्र्यंबक नाक्याजवळच्या जीपीओचा ४२२००१ सांगितला की देशातल्या कुठल्याही सॉर्टरला पिशवी कुठे टाकायची ते कळतं.

२०२५ च्या मे महिन्यात डिजिपिन आला. चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा पत्ता. चांगली गोष्ट आहे. पाड्यावरच्या घरांना नंबर नसतो, गल्ली नसते, त्यांना याचा उपयोग होईल, अँब्युलन्सलासुद्धा होईल. पण घर सापडलं म्हणजे माणूस सापडला असं होत नाही. तुम्ही दिंडोरीच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरात छाटणी लागली की सुरगाणा-पेठचे किती जण तुमच्याकडे आणि निफाडला द्राक्षाच्या कामाला येतात. त्या घराच्या चौकोनावर कुलूप असतं. नव्या माणसाला कुलूप दिसतं आणि तो ‘घर बंद’ शेरा मारून टपाल परत पाठवतो. गावच्या पोस्टमास्तरला माहीत असतं की अमुक माणूस मोहाडीकडे एका बागेत आहे, होळीला येईल, आणि तोपर्यंत त्याच्या आधार कार्डाबद्दल मुकादमाला निरोप धाडता येतो. आपण पत्ता लिहिताना गावाच्या नावाआधी ‘मु. पो.’ लिहितो. मुक्काम आणि पोस्ट. या दोन अक्षरांत हे सगळं आलं.

आता तुमच्या मुलीच्या नोकरीकडे येतो, आणि इथे मी गोड बोलणार नाही.

ग्रामीण डाक सेवक हा पूर्ण सरकारी नोकर नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये अशा सेवकांना नागरी पदाचं संरक्षण आहे असं ठरवलं, म्हणजे चौकशीशिवाय कोणी काढून टाकू शकत नाही. पण नियमित कर्मचाऱ्याचा पगार आणि पेन्शन त्याला लागू नाही. चार तासांच्या कामासाठी ब्रँच पोस्टमास्तरला सुरुवातीला १२ हजार रुपये, असिस्टंटला १० हजार, वर महागाई भत्ता. हा आकडा २०१८ मध्ये कमलेश चंद्र समितीच्या अहवालावरून ठरला, आणि तोही देशभरातल्या सेवकांनी त्या वर्षी मे-जूनमध्ये दोन आठवडे संप केल्यानंतर. उपजीविकेचं दुसरं साधन हवं असं नियमच सांगतो. कागदावर चार तास, पण पेठच्या त्या मुलीचे रोज सात होत होते.

सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं की दीड लाख ग्रामीण डाकघरं आणि २ लाख ४० हजार डाक सेवकांच्या बळावर पोस्टाला मोठी लॉजिस्टिक्स संस्था बनवायचं. विचार चांगला आहे. पण ज्याला चार तासांचे पैसे मिळतात त्याच्या सायकलवर दहा किलोचं पार्सल ठेवून त्याला घाट चढायला सांगता येणार नाही. त्याचे तास वाढवा, पैसे वाढवा, गाडीचा खर्च द्या, मग लॉजिस्टिक्स म्हणा. पोस्टाच्या भवितव्याचा सगळ्यात कच्चा दुवा हा आहे, आणि तो पत्रांच्या संख्येशी बिलकुल संबंधित नाही. चांगली पोरं रुजू होतात, वर्षभरात दुसरी नोकरी बघून जातात, आणि गावाला बोटं पाठ असलेला माणूस पुन्हा नव्याने शोधावा लागतो.

दुसरी अडचण टार्गेटची. खाती उघडा, ग्रामीण टपाल विमा काढा, मेळावा घ्या. खातं उघडणं चांगलंच. पण आकडा भरायला शेजाऱ्या-पाजाऱ्यांचे विमे काढायचे आणि दुसऱ्या वर्षी हप्ते थकून पॉलिसी बंद पडायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलीला सांगा, ज्याला हप्ता झेपतो त्याचाच विमा काढ. महिनाभर वरून बोलणी बसली तरी चालतील.

तिसरी गोष्ट हिशोबाची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. ब्रिटनमध्ये १९९९ पासून पुढे होरायझन नावाच्या संगणक प्रणालीत चुकीची तूट दिसायची. मशीन बरोबर आणि माणूस चोर असं धरून नऊशेहून जास्त सब-पोस्टमास्तरांना दोषी ठरवलं गेलं. कित्येकांनी घरं विकून नसलेली तूट भरली. २०२४ मध्ये तिथल्या संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ पासून देशभर नवी प्रणाली आली आहे, खात्याने स्वतः तयार केलेली. ती चांगली चालो. पण मुलीने रोज संध्याकाळी रोकड हाताने मोजावी, तारीख घालून वहीत लिहावी, मशीनशी ताडावी. फरक आला तर त्याच दिवशी लेखी कळवावं. स्वतःच्या खिशातून भरून गप्प बसू नये, एकदासुद्धा.

आणि लोकांची पासबुकं स्वतःजवळ ठेवून घेऊ नयेत. गावातले लोक विश्वासाने म्हणतात, ताई, तुमच्याकडेच राहू द्या. तपासणीत मी पाहिलेला प्रत्येक मोठा घोटाळा इथूनच सुरू झाला होता. एका शाखेत कपाट उघडलं तर एका पिशवीत चाळीसहून जास्त पासबुकं निघाली. त्यांतली काही लोकांनी दोन-दोन वर्षं बघितली नव्हती. मी बाहेर आलो तेव्हा एक म्हातारा मला विचारत होता, साहेब, माझे पैसे आहेत ना? सरकारची हमी असल्यामुळे पैसे मिळतात, पण चौकशीत महिने जातात, आणि मधल्या काळात गावाचा पोस्टावरचा विश्वास जातो. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवी आपल्या लोकांनी भोगल्या आहेत. बँकेत ठेव विमा पाच लाखांपर्यंतच. पोस्टातल्या पूर्ण रकमेला सरकार जबाबदार. ही गोष्ट गावकऱ्याला ठाऊक आहे, म्हणून तो डोळे मिटून पासबुक सोडून जातो. मुलीने ते दर वेळी त्याच्या हातात परत द्यायचं.

रुजू होण्याआधी काय बघायचं ते सांगतो. शाखेच्या हद्दीत तिला राहावं लागेल, दिंडोरीहून येऊन-जाऊन जमणार नाही. शाखेसाठी जागाही ब्रँच पोस्टमास्तरनेच द्यायची असते, त्यासाठी भत्ता मिळतो. ग्रामपंचायतीची खोली मिळते का ते सरपंचांना आणि ग्रामसेवकांना आधी जाऊन विचारा. खोली बघताना मोबाइल हातात धरून चारी कोपरे फिरा, रेंज कुठल्या कंपनीची येते ते पाहा. राहायला एखादं कुटुंब असलेलं घर मिळालं तर उत्तम. सायकल किंवा दुचाकी चालवता यायला हवी. आणि काही वर्षांनी पोस्टमन, मल्टी टास्किंग स्टाफ या नियमित पदांसाठी खात्यातल्या परीक्षा देता येतात. तिथून पुढे वर जाता येतं. पहिल्या वर्षापासून अभ्यास चालू ठेवायला सांगा. माझ्या हाताखाली असिस्टंट म्हणून लागलेली दोन पोरं अशीच वर चढली, त्यातला एक आज मोठ्या डाकघरात काउंटर सांभाळतो.

पहिल्या महिन्यात तिने सगळे पाडे एकदा पायी फिरून घ्यावेत. सोबत पाटी-दप्तर काही नको, एक वही हवी. कोण कुठे राहतं, कामाला कुठे जातं, घरी कधी असतं, कोणाचं कोणतं बोट लागतं. म्हाताऱ्या माणसांची नावं आधी.

आणि त्या गावाला सकाळची एसटी किती वाजता येते, पावसाळ्यात ती कुठपर्यंत येते, हे डेपोत विचारून ठेवा. पिशवी त्याच गाडीने येणार आहे.